फिट मुद्दाम आणली, तर उगम सापडतो का?

मागच्या खेपेला आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे असं आपण म्हणतो. हे म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, हा प्रश्न होता. त्यावर काहींनी चिठ्ठ्या पाठवल्या, की सर, धूर आणि अग्नी पुरे झाला, आजच्या जगातलं काहीतरी घ्या. मागणी रास्त आहे. म्हणून आज आपण एका शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासाकडे बघणार आहोत. अपस्माराच्या, म्हणजे एपिलेप्सीच्या रुग्णाच्या मेंदूत फिटचा उगम नेमका कुठं आहे हे शोधायला औषधं कशी वापरली गेली आणि त्यांनी दिलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हा आजचा विषय. आमच्या नावामागं डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. तेव्हा आमच्याकडून कुणी प्रिस्क्रिप्शनची अपेक्षा करू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. अपस्माराच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्या एक-तृतीयांश लोकांना दोन-तीन औषधं नीट घेऊनही फिट्स येतच राहतात. यांपैकी काही जणांच्या मेंदूत फिट एकाच ठिकाणाहून सुरू होते. ती जागा काढता आली तर फिट्स थांबू शकतात. ही नुसती आशा नाही. कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागाच्या अपस्मारावर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फक्त औषधं. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक भान हरपवणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. औषधांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. वैद्यकात इतका मोठा फरक क्वचित दिसतो.

पण हे सगळं ‘जागा सापडली तर’ या अटीवर उभं आहे. कधी एमआरआयमध्ये जुना व्रण किंवा सुकलेला हिप्पोकॅम्पस दिसतो, मग काम सोपं होतं. कधी फोटो अगदी स्वच्छ येतो आणि तरी आठवड्याला चार फिट्स येतात. ईईजी काढावा, तर फिट काही वेळ ठरवून येत नाही. माणूस आठ दिवस डोक्याला तारा लावून वॉर्डात पडून राहतो, वर कॅमेरा चालू, घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं, आणि नेमकी त्या आठ दिवसांत एकही फिट येत नाही! जिच्यापासून सुटका हवी तिचीच वाट बघत बसायचं, असा हा प्रकार.

मग साहजिकच विचार येतो, की आपणच फिट आणली तर?

हा विचार आजचा नाही. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम झटके आणायला सुरुवात केली. आधी कापराचं इंजेक्शन, मग त्याच वर्षी कार्डियाझॉल. अमेरिकेत त्याच औषधाला मेट्राझॉल म्हणत. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत, अशी त्यांची समजूत होती. ती टिकली नाही, पण औषध टिकलं. योगायोग असा, की त्याच १९३४ साली मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी आपली न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. पुढं तिथं हर्बर्ट जॅस्पर ईईजी घेऊन आले आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेची ती पंढरीच झाली. आपल्या वेल्लोरच्या जेकब चँडी यांनीही तिथंच पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिक्षण घेतलं आणि १९४९ मध्ये परत येऊन भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

तर हे मेट्राझॉल ईईजीच्या खोलीत आलं, आणि फिट उकरून काढण्यासाठी अनेक ठिकाणी वापरलं जाऊ लागलं. ते काय करतं? मेंदूत पेशींना आवरून धरणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. त्याला ब्रेक म्हणा. मेट्राझॉल हा ब्रेक ढिला करतं. यामागचा तर्क असा, की ब्रेक सगळीकडे सारखाच ढिला केला तर जिथं मुळात उतार आहे तिथली गाडी आधी सुटेल. म्हणजे औषध थोडं थोडं, हळूहळू द्यायचं आणि मेंदूचा कोणता भाग आधी पेटतो ते ईईजीवर बघायचं. तोच उगम.

ऐकायला पटतं. पण आपण नैयायिकांच्या शाळेत बसलेले लोक आहोत. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. का? तर लोखंडाचा लालबुंद गोळा धूर सोडत नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या गुपचूप आत शिरलेल्या अटीला आपल्याकडे ‘उपाधी’ म्हणतात. बाहेरून वाटतं की अग्नीमुळं धूर आला, पण खरं काम ओल्या लाकडाचं असतं.

मेट्राझॉलचं नेमकं हेच आहे. पुरेसं दिलं तर ते कुणालाही फिट आणतं. आज या सभागृहात अपस्मार नसलेल्या कुणालाही! मग रुग्णाला औषध दिलं आणि फिट आली, तर ती त्याच्या आजारानं आली की आमच्या सुईनं? इथं सुई हे ओलं सरपण आहे. फिट आली एवढ्यावरून उगमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. औषध जितकं जास्त, तितकं उत्तर औषधाचं आणि तितकं कमी रुग्णाचं.

मग यातून वाट काय काढली? ती आम्हाला फार मोलाची वाटते. डॉक्टर विचारतात, की ही फिट रुग्णाची नेहमीचीच आहे का? आणि हे कोण सांगणार? यंत्र नाही सांगत. आई सांगते, नवरा सांगतो. “ह्याला फिट येते ना, तेव्हा आधी पोटातून काहीतरी वर आल्यासारखं होतं, मग डाव्या हातानं शर्टाचं बटण चाचपत बसतो, आणि मग नजर लागते.” औषधानं आणलेल्या फिटमध्येही तोच क्रम, तोच हात, तेच बटण दिसलं, तर तिला काही किंमत. सुरुवातीलाच चारही हातपाय ताठ झाले, तर ती औषधाची फिट, रुग्णाची नव्हे. भारतीय परंपरेत याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. हा तोच देवदत्त, ज्याला आपण पूर्वी पाहिलं होतं. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर उभा असलेला यांची ओळख पटणं. लाखो रुपयांच्या यंत्रांनी भरलेल्या खोलीत निर्णायक साक्ष कोपऱ्यात बसलेल्या आईची असते, हे अनेकांना माहीत नसतं. आजही व्हिडिओ-ईईजी झाल्यावर घरच्यांना बोलावून चित्रीकरण दाखवतात आणि विचारतात, की हीच ना?

मेट्राझॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. सुई टोचल्यापासून झटका येईपर्यंतच्या काही सेकंदांत माणसाला विलक्षण भीती वाटायची. आपण आता संपलो, अशी. मेडुनांच्या काळच्या रुग्णांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. कित्येक जण दुसऱ्या इंजेक्शनला तयारच व्हायचे नाहीत. ज्ञान मिळवायची किंमत ज्याच्याबद्दल ज्ञान हवं आहे त्यानंच मोजायची, आणि ती अशी. पुढं हे औषध मागं पडलं. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याची मान्यताही काढून घेतली गेली. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर मात्र ते अजून वापरतात. फिटवरची नवी औषधं तपासायला आधी फिट आणावी लागते ना!

आज रुग्णालयात जे होतं ते उलट्या बाजूनं. औषध देऊन फिट आणण्याऐवजी चालू असलेल्या गोळ्या कमी करतात. देखरेखीखाली, रुग्णालयातच. इथं वाटतं की बाहेरून काही घातलेलं नाही, फक्त झाकण उचललं, तेव्हा दिसेल ते अस्सलच असणार. हा युक्तिवादही तपासून बघू. रोज घेतलेली गोळी एकदम थांबवली की नुसता आजार उघडा पडत नाही. सवय झालेल्या मेंदूला अचानक बसलेला हिसकाही त्यात मिसळतो. विशेषतः बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपाइन या जातीच्या गोळ्यांच्या बाबतीत. १९८३ मध्ये लॉस अँजेलिसचे जेरोम एंगेल आणि पॉल क्रँडल यांनी असं दाखवून दिलं, की मेंदूत खोलवर तारा बसवलेल्या रुग्णांच्या गोळ्या काढल्यावर कधीकधी फिट खोट्या जागेहून सुरू होताना दिसते. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा बहुतेक रुग्णांत जागा बदलत नाही, असा दिलासा मिळाला. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही. पण ‘बहुतेक’ या शब्दावर समाधान मानणं पाहणी करणाऱ्याला परवडतं. ज्याची कवटी उघडायची आहे त्याला विचारावं लागतं, की मी बहुतेकांत की उरलेल्यांत? म्हणून एकाच फिटवर कुणी निर्णय घेत नाही. दोन, तीन, चार फिट्स बघतात आणि त्या एकाच जागी बोट दाखवतात का, ते पाहतात.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ. कवटी उघडली आहे, मेंदूच्या पृष्ठभागावर तारांची पट्टी ठेवली आहे. इथं फिट नको असते, फक्त तिच्या खुणा हव्या असतात. दोन फिट्सच्या मधल्या काळातही आजारी भाग अधूनमधून टोकदार लहरी सोडतो. त्यांना स्पाइक म्हणतात. भुलेत या स्पाइक दबून जातात, म्हणून त्या जाग्या करायला मेथोहेक्सिटाल किंवा अल्फेंटानिल अशी औषधं देतात. गंमत बघा. मेथोहेक्सिटाल हे बार्बिट्युरेट, आणि फिट थांबवणारं आपलं जुनं फेनोबार्बिटोनही बार्बिट्युरेटच. एकाच घराण्यातलं एक औषध आग विझवतं आणि दुसरं थोड्या मात्रेत ठिणग्या उडवतं. एखाद्या औषधाला ‘शामक’ म्हटलं की ते मेंदूभर सगळीकडे शामकच असेल, हा आपल्या नावं ठेवायच्या पद्धतीचा दोष. मेंदूनं ते नाव वाचलेलं नसतं.

पण ठिणगी दिसली म्हणजे चूल सापडली का? इथं आम्ही थोडे संशयी आहोत. रात्री गल्लीत एक कुत्रं भुंकलं की बाकीची भुंकू लागतात. तुम्ही घरात झोपलेले. कानावर पडतो तो तुमच्या खिडकीजवळच्या कुत्र्याचा आवाज. सुरुवात कुणी केली, हे त्यावरून कळत नाही. तारांच्या पट्ट्या म्हणजे अशा मोजक्या खिडक्या आहेत. औषधानं जागवलेल्या स्पाइक उगमाच्या कितीतरी पलीकडे पसरलेल्या असू शकतात. दिसेल तिथं कापत गेलं तर निरोगी मेंदूही जाईल. हिप्पोकॅम्पसच्या बाबतीत त्या उपयोगी पडल्या आहेत, इतर ठिकाणी जपून. आमचं मत विचाराल, तर या साक्षीदाराला कोर्टात बोलवावं, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर निकाल देऊ नये.

याहून आम्हाला आवडते ती नेमकी उलटी पद्धत. तिच्यात काहीच उकरून काढायचं नाही. पेंटोथाल तुम्हाला माहीत असेल, भुलेचं. ते शिरेतून हळूहळू दिलं की निरोगी मेंदूच्या ईईजीवर बारीक, वेगवान लहरी उठतात. लोम्ब्रोसो आणि एर्बा यांनी १९७० मध्ये हे वापरून दाखवलं. जिथं मेंदू दुखावलेला आहे तिथं या लहरी उठत नाहीत किंवा फार कमी उठतात. म्हणजे शोधायचं काय? जे दिसायला हवं होतं पण दिसत नाही, ते. वर्गात हजेरी घेताना ‘हजर’ न म्हणणारा मुलगा.

कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? तो न दिसण्यानं. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नव्हतं. तो वाद आज नको. पण दोघांचीही एक अट सारखी आहे. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही. पेंटोथाल इथं उजेडाचं काम करतं. निरोगी भाग असता तर त्यानं उत्तर दिलं असतं, अशी स्थिती ते निर्माण करतं, आणि मगच शांततेला अर्थ येतो. आजच्या पेट स्कॅनचाही हाच मार्ग आहे. साखरेसारखा एक किरणोत्सारी पदार्थ देतात, आणि फिट नसताना ज्या भागानं साखर कमी घेतली तो भाग संशयित ठरतो.

आता मॉन्ट्रियलकडे परत. काही रुग्णांत ईईजीवर दोन्ही बाजूंना एकाच वेळी लहरी उसळतात. उगम खरोखर सगळीकडे आहे, की एका बाजूला आहे आणि दुसरी फक्त प्रतिध्वनी देते? पहिलं खरं असेल तर उगम कापून काढण्याचा विषयच संपला. दुसरं खरं असेल तर आशा आहे. हे ओळखायला पिएर ग्लूर, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी वापरली. मानेतल्या कॅरॉटिड धमनीतून एका बाजूच्या मेंदूला अ‍ॅमिटाल द्यायचं. तो अर्धा मेंदू काही मिनिटं निजतो. समजा, डावीकडे औषध दिल्यावर दोन्ही बाजूंच्या लहरी थांबल्या, आणि उजवीकडे दिल्यावर डावीकडच्या चालूच राहिल्या, तर उगम डावीकडे. गरज पडली तर त्याच वाटेनं थोडं मेट्राझॉलही देत. इथं त्याचा उपयोग तुलनेसाठी होता, की कोणती बाजू कमी औषधात पेटते? एक असताना दुसरं असणं आणि एक नसताना दुसरं नसणं, म्हणजे आपला अन्वय-व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर चालणारं मेट्राझॉल आणि व्यतिरेकाची जोड मिळालेली ही चाचणी, यांच्या विश्वासार्हतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अ‍ॅमिटाल कॅरॉटिडमधून द्यायची कल्पना जपानच्या जुन वाडा यांची, १९४९ ची. ती अधिक गाजली ती भाषा कोणत्या बाजूला आहे हे शोधण्यासाठी. आणि ब्रेंडा मिल्नर यांनी तिला स्मृतीच्या चाचणीची जोड दिली. त्यामागं एक दुखरी कथा आहे. पेनफिल्ड यांच्या एका इंजिनिअर रुग्णाच्या डाव्या टेम्पोरल लोबवर दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या टप्प्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. एकाच बाजूचा भाग काढलेला, मग असं का? तो वारल्यावर मेंदू तपासला तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पसही आधीपासूनच सुकलेला निघाला. म्हणजे स्मृतीचा सगळा भार डाव्या बाजूवर होता, आणि तीच काढली गेली. फिटचा उगम शोधला होता, पण आणखी काय तिथं राहतं ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या एका शल्यविशारदानं १९५३ मध्ये हेन्री मोलेसन याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, ती गोष्ट तुम्ही वाचलेली असेल. तेव्हापासून ‘उगम कुठं आहे’ या प्रश्नाला ‘तो काढला तर मागं काय उरेल’ हा प्रश्न कायमचा जोडला गेला.

स्पेक्टबद्दल थोडक्यात. यातलं औषध काहीच आणत नाही आणि काहीच थांबवत नाही, नुसतं टिपतं. फिट सुरू झाली की उगमाकडचा रक्तप्रवाह वाढतो. त्या क्षणी टेक्निशियमचं इंजेक्शन दिलं तर ते मिनिटभरात मेंदूत जाऊन अडकून बसतं, आणि फोटो नंतर सावकाश काढता येतो. सगळी मदार नर्सच्या हातावर. तीस-चाळीस सेकंद उशीर झाला तर उगमाऐवजी फिट पसरून पोचलेली जागा उजळते. त्यात टेक्निशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे सकाळी आणलेलं औषध संध्याकाळपर्यंत अर्धं उरतं आणि फिट मात्र आपल्या सवडीनं येते.

एवढं सगळं करून जे सापडतं त्याला उगम म्हणायचं का? रोझेनो आणि ल्यूडर्स यांनी २००१ मध्ये केलेली मांडणी इथं कामाची आहे. स्पाइक उठतात तो एक प्रदेश. फिट सुरू होताना दिसते तो दुसरा. लक्षणं निर्माण करतो तो तिसरा. एमआरआयवर व्रण दिसतो तो चौथा. नीट काम करत नाही तो पाचवा. आपण आज पाहिलेलं प्रत्येक औषध यांतल्या कुठल्यातरी एकाकडे बोट दाखवतं. आणि ज्याला खरा उगम म्हणायचं, तो या पाचांपैकी कुठलाही नाही! त्याची व्याख्या अशी, की जो भाग काढल्याशिवाय फिट्स थांबणार नाहीत आणि जो काढला की थांबतील, तो. ही व्याख्या भविष्यकाळात लिहिलेली आहे. शस्त्रक्रियेच्या आधी ती कुठल्याच चाचणीत दिसू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षं फिट आली नाही, तर उगम काढलेल्या भागात होता असं मागं वळून म्हणता येतं. तेव्हाही तो नेमका किती मोठा होता ते कळत नाही, कारण कदाचित याहून कमी काढूनही भागलं असतं.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. “माझ्या भावाला तपासणीसाठी दाखल करून गोळ्या कमी करणार आहेत. संमतीपत्रावर सही मागितली आहे. आम्ही काय विचारावं?”

आम्ही वैद्य नाही, पण प्रश्न विचारायला वैद्य असावं लागत नाही. कोणती गोळी किती वेगानं कमी करणार, ते विचारा. रात्री दोन वाजता लागोपाठ फिट्स आल्या तर खाटेपर्यंत कोण धावत येणार, आणि थांबवण्याचं औषध कुठं ठेवलेलं असतं, तेही विचारा. त्याची नेहमीची फिट कशी दिसते ते आजच आठवून कागदावर लिहा, मोबाइलवर जुना व्हिडिओ असेल तर सोबत न्या, आणि आलेली फिट तुम्हाला दाखवणार का, हे विचारून घ्या. किती फिट्स मिळाल्यावर थांबणार, हे आधी ठरलेलं असावं. आणि गोळ्या वॉर्डात गेल्यावरच कमी होऊ द्या. “नाहीतरी करणारच आहेत” म्हणून दाखल व्हायच्या आधी घरी एकही गोळी चुकवू नका. घरी येणाऱ्या फिटचा ना आलेख निघतो, ना तिथं पळत येणारं कुणी असतं.

पुढची चिठ्ठी मागच्या व्याख्यानातल्या हेत्वाभासांबद्दल आहे. ती पुढच्या शनिवारी घेऊ.